कारखान्यात माणसे टिकवणारे नारायणराव

श्री. नारायणराव मेढेकरांची आणि माझी पहिली भेट मी नोकरी सोडायला गेलो तेव्हा झाली. स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटले होते. आंबिवलीजवळच्या चिनीमातीच्या बरण्यांच्या कारखान्यात मी कारकून म्हणून लागलो होतो आणि पावसाळा संपायच्या आतच कंटाळलो होतो. राजीनामा घेऊन कामगार अधिकाऱ्यांच्या खोलीत गेलो. नारायणरावांनी कागदाकडे पाहिलेही नाही. म्हणाले, "बसा. का चाललात?"

आमच्याकडे जाणाऱ्याला कोणी 'बसा' म्हणत नसे. मी गडबडलो आणि खरे ते सांगून टाकले. कल्याणला खोलीवर एकटा राहत होतो, खानावळीच्या जेवणाने पोट बिघडले होते, घरची आठवण येत होती. "म्हणजे नोकरीवर राग नाही. मग आज आमच्याकडे जेवायला या," ते म्हणाले. त्या दिवसापासून माझे लग्न होईपर्यंत मी त्यांच्या पंक्तीला जेवलो. सरस्वतीवहिनींनी मला कधी पाहुणा मानले नाही.

जाणाऱ्याला कारण विचारायचे, ही नारायणरावांची पद्धत. मालकांना ती रिकामटेकडी वाटे. विशेषतः झिलईखात्यातल्या बायकांच्या बाबतीत. आसपासच्या गावांतून त्या येत, हात बसतो न बसतो तोच येईनाशा होत. "बाया काय, फाटकावर रोज नव्या उभ्या असतात," मालक म्हणत. नारायणराव शांतपणे म्हणत, "बाया नव्या येतात, तसे हातही नवेच येतात. बरण्या फुटतात त्या नव्या हातांनी."

खडवलीकडची पार्वती ही त्या खात्यातली सर्वांत चांगली कामगार. एका सोमवारी ती आली नाही. पुढेही आली नाही. नारायणराव मला बरोबर घेऊन तिच्या घरी गेले. पार्वती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. आम्हांला पाहून तिने पदर सावरला, पण उठली नाही.

"बाई, काम का सोडलंत?" नारायणरावांनी विचारले.

"सायब, पोरगी निजली ती उठलीच नाय," ती म्हणाली.

मग हळूहळू कळले. मुलगी अंगावर पिणारी. दुपारी घरी जाऊन येऊ द्या म्हणून पार्वतीने मुकादमाला विनवले होते, त्याने झिडकारले. भुकेने रडणाऱ्या पोरीला सासूने अफूचे बोट चाटवले. "म्हातारीला बोलू नका," पार्वती म्हणाली. "समद्याच देतात. कामावर जायचं म्हंजे दुसरं काय करावं?" आत म्हातारी तोंड झाकून रडत होती.

परतताना स्टेशनवर नारायणराव बाकावर बसून राहिले. गाडी आली आणि गेली. ते उठले नाहीत. मग म्हणाले, "सामंत, आपण म्हणतो या बायका टिकत नाहीत. अहो, त्यांची मुलं टिकत नाहीत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांकडे पाळणाघर मागितले. कायद्याने ते भाग पडावे इतक्या बायका आमच्याकडे नव्हत्या. "जागा नाही," असे उत्तर मिळाले. तेव्हा नारायणरावांनी आपल्या क्वार्टरची पुढची खोली रिकामी केली आणि छताला पाळणे टांगले. वहिनींना मूलबाळ नव्हते. त्या खोलीत त्यांचा दिवस कसा मावळे, ते त्यांनाही कळत नसे. आया ठरल्या वेळी येऊन मुलांना पाजून जात. मुकादम कुरकुरला, पण हळूहळू झिलईखात्यात तेच तेच चेहरे दिसू लागले. एका दसऱ्याला मालक स्वतः म्हणाले, "यंदा नव्या बाया फारशा दिसत नाहीत!"

पार्वतीला मात्र ते परत आणू शकले नाहीत. खोली उघडल्यावर ते पुन्हा तिच्याकडे गेले होते. ती एवढेच म्हणाली, "आता कुनासाटी, सायब?" या यशाबद्दल कोणी अभिनंदन केले की नारायणराव विषय बदलतात, त्याचे कारण हे आहे.

गेल्या वर्षी विषमज्वराने वहिनी गेल्या. दिवसकार्य आटोपल्यानंतरच्या सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर दाराबाहेर पाच-सहा बायका कडेवर मुले घेऊन उभ्या. आत जावे की परतावे, कोणालाच कळेना. दार नारायणरावांनीच उघडले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. पुढच्या बाईच्या कडेवरचे मूल त्यांनी आपल्या हातांत घेतले. "या, आत ठेवा मुलांना. कामाला उशीर होईल," ते म्हणाले. ती बाई हुंदके देऊ लागली, तेव्हा तेच तिला समजावत राहिले.

आता त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. ते निवृत्त होऊन ठाण्याला धाकट्या भावाकडे राहायला जातील. पाळणाघरासाठी मालकांनी कारखान्याच्या आवारात खोली बांधून दिली आहे. त्यानिमित्त आम्ही काढत असलेल्या या गौरवग्रंथाबद्दल सांगायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, "सामंत, दीर्घायुष्य तेवढं मागू नका. हिच्याशिवाय ते घेऊन करू काय?"

त्यांना शांत झोप लागो, अन्न गोड लागो, त्यांचे दुःख थोडे हलके होवो. आणि नारायणराव, आपण नको म्हणालात तरी आम्ही आपल्यासाठी पुष्कळ वर्षे मागतो. आपल्याला नको असतील, तर ती आमच्यासाठी जगा.