न प्यालेलं पाणी

विज्ञानाच्या तासाला मी मुलांना सांगते, डोळ्यांना दिसलं ते निरीक्षण आणि त्यावरून मनानं काढलं ते अनुमान. दोन्हींची गल्लत करू नका. मुलं माना डोलावतात. मी हे पुस्तकातून शिकले असते तर किती बरं झालं असतं.

ऐंशीच्या दशकातला मे महिना होता. आम्ही मंठ्याला बौद्ध वस्तीत राहायचो आणि मी नुकतीच कॉलेजात गेले होते. आईचं माहेर तिथून गाडीनं तासाभरावर. आजोबांनी तिथल्या एका शेतकरी घरात जन्मभर सालगडी म्हणून राबण्यात हाडं झिजवली. त्या घरचा धाकटा मुलगा एका सकाळी मोटारसायकल घेऊन आमच्या अंगणात आला. आजोबांच्या खांद्यावर बसून मोठा झालेला माणूस. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, तोंडावर धुळीचा थर.

"आक्का, तुमच्या बाबाची तब्येत जास्त हाय. जल्दी निघा," तो आईला म्हणाला.

आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तांब्याकडं पाहिलं आणि मान हलवली. "ऱ्हाऊ द्या. मी होतो पुढं." गाडीला किक मारून तो गेलासुद्धा.

आई तांब्यासकट मटकन खाली बसली. आमच्याकडं मेल्याची बातमी तोंडावर सांगत नाहीत. "तब्येत जास्त आहे" एवढंच म्हणतात. पण मरणाचा निरोप आणणारा त्या घरचं पाणी पीत नाही, ही त्याची खूण. तो काय बोलला ते कुणी मनावरच घेतलं नाही. तो पाणी प्यायला नाही, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. आईनं हंबरडा फोडला आणि वस्तीतल्या बाया जमल्या.

जिवंत बापाकडं लेक धावत सुटते. मेलेल्या बापाकडं रीतीनं जावं लागतं. मावशी बदनापूरला होती, तिच्या नवऱ्याच्या ऑफिसात फोन लावला. दोघी बहिणींनी मिळून बापावर पांढरं कापड घालायचं ठरलं. वडील कापड आणायला गेले. मावशी पोचेपर्यंत दुपार कलली. मध्येच आई उठून म्हणाली, "मी होते की पुढं." शेजारणींनी तिला दंडाला धरून बसवलं. "आता घाई कशाची, बाई?"

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. आई आजोबांच्या अंगावर पडली आणि एकदम रडायची थांबली. त्यांच्या छातीवर हात फिरवत म्हणाली, "आंग गरम हाय अजून."

"उन्हाळ्याचं समदंच गरम ऱ्हातंय," एक म्हातारा म्हणाला. बिचारा तिची समजूत काढत होता. मामीला मात्र खोटं जमलं नाही, तिनं सांगून टाकलं. आजोबा नुकतेच गेले होते. दिवसभर दाराकडं डोळे लावून "पोरी आल्या का?" विचारत होते. शेवटचं पाणी त्यांच्या तोंडात निरोप घेऊन आलेल्या त्या माणसानंच घातलं होतं.

तो माणूस भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होता. आमच्या घरी तो पाणी का प्यायला नाही, हे त्या क्षणी आम्हा सगळ्यांना कळलं. त्यानं आमच्या लोकांच्या हातचं पाणी कधीच घेतलं नव्हतं.

तो आमच्यासाठी उन्हातान्हाचा आला, हे घडलेलं आहे. निरोप बरोबर दिला, हेही घडलेलं. त्याचं रडणं नाटकी नव्हतं. कोर्टात उभा केला असता तर त्याचा एक शब्द खोटा निघाला नसता. तरी आई बापाला मुकली ती त्याच्यापायी. घडलेलं सगळं मी कितीदा ओळीनं मांडून पाहिलं, पण त्यातलं खरं त्या ओळीत मावत नाही. मला त्याचा राग येतो, आजही येतो. त्याहून जास्त जिव्हारी लागतं ते हे, की पाणी नाकारायचं ते दुसरं कारण त्या सकाळी आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आजोबांचा तो आमचाच, असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढं दोन हजार सालानंतर कधीतरी आम्ही जालन्याला राहत असताना तो मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. केस पिकले होते. आईनं पाणी दिलं, ते तो गटागटा प्यायला.

"तवा का न्हाई प्यालात, भाऊ?" आईनं विचारलं.

तो रिकामा ग्लास हातात फिरवत राहिला. "तहान न्हवती, आक्का."

"बराबर," आई म्हणाली आणि तिनं ग्लास पुन्हा भरला.

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "आपली वस्ती सोडून पुढच्या हापशावर वंजळीनं पीत व्हता त्या दिशी. शेजारनीनं बघितलं व्हतं, मला मागनं बोलली."

मी चिडले. "मग तोंडावर म्हणायचं होतंस ना!"

"माझ्या बापाला शेवटचं पाणी त्यानंच पाजलं. पाजाय चालतंय त्याला, आपलं प्याय न्हाई चालत." ती ग्लास विसळायला उठली. "अन् आज प्याला. आज पिऊन कुनाला बाप भेटतोय?"