रावेरच्या वरातीतली सुपरकार

फायबरच्या कामात एक बारीक कूस उडते. ती अंगाला लागली की आंघोळ करा, तेल चोळा, जात नाही. घरी जेवायला बसलं तरी मानेला खाजतच असतं! आमच्या वर्कशॉपमधल्या किस्स्यांचंही तसंच. झटकले म्हणावं, तर चार दिवसांनी कॉलरमधून निघतात.

माझं वर्कशॉप जळगावच्या एमआयडीसीत. पाण्याच्या टाक्या, कुलरच्या बॉड्या आणि लग्नाच्या वरातीचे रथ, एवढा आमचा पसारा. इथे कोणी एका जागी शांत बसलेला दिसला तर समजायचं, पाहुणा आहे. आणि त्या उन्हाळ्यात तर आम्हाला दुहेरी कूस लागली होती.

*

रावेरचे धनराजनाना केळीचे व्यापारी. फेब्रुवारीत आले आणि त्यांनी माझ्यासमोर मोबाइल धरला. फोटोत हायब्रिड सुपरकार. जमिनीला चिकटलेली, नाक खाली, कंबर बारीक, दरवाजे वर उघडणारे.

"पोऱ्याचं लग्न आहे मे महिन्यात. घोड्यावर बसत नाही म्हणतो. त्याले हे पाहिजे."

"नाना, ही गाडी परदेशात बनते हो!"

"मागच्या रथाचे हत्ती तुम्ही परदेशातून आणले होते का?"

मी काही बोलायच्या आत माझ्या मागून आवाज आला, "करू!"

हा मिलिंद. मूळचा साक्रीचा. डिप्लोमाच्या वेळी वर्षभर माझ्या हाताखाली होता, आता पुण्यात एका गाड्यांच्या कंपनीत डिझाइनला. सुट्टीत सहज भेटायला आला होता आणि माझ्या वतीने होकार देऊन मोकळा झाला!

त्याने तिथूनच कंपनीला फोन लावला आणि बिनपगारी रजा मागितली. रजा मिळाली, पण दमासकट. मेअखेरच्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर येऊच नका.

मी म्हटलं, "अरे, तिकडे एवढ्या मोठमोठ्या गाड्या बनवतोस, आणि इकडे वरातीसाठी मरतोस?"

"भाऊ, तिकडे मी दरवाजाची मूठ बनवतो."

"मग?"

"तीन वर्षं झाली. एकच मूठ. तीही डावीकडची! उजवीकडची दुसरा करतो."

*

आता वरातीला हायब्रिड कशाला, असं कोणालाही वाटेल. त्याचं कारण बोदवड.

आदल्या वर्षी तिथे आमचा रथ गेला होता, जुन्या जीपवर बांधलेला. मे महिन्याचं ऊन, आणि वरातीची गाडी दोन तासांत दीडशे पावलं जाणार. इंजिन उकळलं. बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला. वरातीतल्या पोरांना वाटलं, आम्ही मुद्दाम धूर सोडलाय. ते त्या वाफेत शिरून आणखी जोरात नाचायला लागले! नवरदेव मात्र बुडाला चटके बसून खाली उतरला आणि मांडवापर्यंत चालत गेला.

मिलिंदला हा किस्सा पाठ होता. तो म्हणाला, "भाऊ, खऱ्या हायब्रिड सुपरकारमध्ये दोन जीव असतात. सावकाश चालताना बॅटरी आणि मोटर. आवाज नाही, ताप नाही. जोरात जायचं तेव्हा सीटमागचं इंजिन जागं होतं. आणि इंजिनाला जोर धरायला वेळ लागतो ना, तेवढ्यात मोटर ढकलून मोकळी होते."

मग पुढच्या चाकांना ई-रिक्षाच्या दोन मोटरी आणि सीटमागे एका जुन्या कारचं इंजिन असं ठरलं. आमचे वेल्डर गफूरभाई सगळं ऐकून म्हणाले, "मतलब, वरातीत रिक्षा, रस्त्यात रॉकेट!"

"तिकडचेही हेच करतात गफूरभाई, फक्त इंग्रजीत सांगतात," मिलिंद म्हणाला.

*

मिलिंदचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, लाल बसवर तीस वर्षं कंडक्टर होते. कंडक्टरची एक बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. आबा रिटायर झाले, पण बेल हातातून गेली नव्हती. दोरी नसली की ते जे समोर असेल त्यावर बोटाच्या पेरांनी वाजवत. कोणी जेवायला वाढत असलं आणि भात पुरे झाला, की ताटावर एकदा ठक!

मुलगा रजा टाकून जळगावात बसलाय हे कळल्यावर ते साक्रीहून धुळ्यामार्गे बस बदलून आले. गाडीचा नुसता सांगाडा उभा होता. त्यांनी त्याला एक चक्कर मारली, चष्मा पुसला, परत एक चक्कर मारली.

"हाई काय शे?"

"सुपरकार, आबा."

"पुणानी नोकरी सोडीसन हाई कराले उना तू?"

"सोडली नाही. रजा आहे."

आबांनी सांगाड्याच्या पाइपवर बोटांनी एकदाच वाजवलं. ठक! माठातलं पाणी प्यायले आणि परतीच्या बसला गेले.

मिलिंद दिवसभर तोच पाइप घासत बसला. मला फार वाईट वाटलं. दोघांचंही बरोबर होतं, हीच तर अडचण. त्या घरात महिन्याच्या पगाराची दुसरी नोकरी आबांनंतर थेट मिलिंदचीच. ती धरून ठेव म्हणणाऱ्या बापाला काय सांगणार? आणि हा मुलगा परत मुठीपाशी जाऊन बसू नये, असं मलाही मनातून वाटत होतं. पण आबांसमोर बोलायची माझी टाप नव्हती.

त्यानंतर दर शनिवारी आबा येत. दोन चकरा, एक ठक, एक तांब्या पाणी!

*

एप्रिलमध्ये नवरदेव माप द्यायला आला. बसला, उठला, फोटो काढले, गेला. सगळं झकास. आठवड्याने मी गफूरभाईंना सीटवर बसवून बघितलं तर त्यांची टोपी छपराला घासली!

"मिलिंद, माप घेताना त्याच्या डोक्यावर काय होतं?"

"केस."

"आणि लग्नात काय असेल?"

फेटा! तोही तुऱ्याचा! सुपरकारचं सगळं सौंदर्य तिच्या बुटकेपणात. छप्पर आमच्या कमरेला लागत होतं. तुरा सोडाच, फेट्याचा पहिला वेढासुद्धा आत मावला नसता. मिलिंद कागदावर छपराची रेघ वर सरकवायला लागला, खोडायला लागला, परत काढायला लागला. रेघ वर गेली की गाडी टेम्पोसारखी दिसायची. दोन दिवस त्याचं हेच चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी गफूरभाईंनी कोणाला न विचारता कटर चालू केला.

नाना बघायला आले तेव्हा गाडीला छप्परच नव्हतं. "टप कुठी गेलं हो?"

गफूरभाई शांतपणे म्हणाले, "नाना, छतवालं मॉडेल स्वस्त असतं."

*

बॅटरीवरची पहिली ट्रायल एमआयडीसीच्या रस्त्यावर झाली. गाडी लोण्यासारखी निघाली, कणभर आवाज नाही. आणि वीस पावलांवर अडकली, कारण रस्त्यात झोपलेली तीन कुत्री उठायलाच तयार नव्हती. इंजिनाचा आवाज नाही, म्हणजे गाडी नाही, असा त्यांचा हिशेब! शेवटी गफूरभाई गाडीपुढे "भुर्र, भुर्र" करत चालले, तेव्हा कुठे रस्ता मिळाला.

त्या आठवड्यातल्या शनिवारी मिलिंद आबांना समजावत होता. "ब्रेक दाबला ना आबा, की मोटर उलटी वीज बनवते. बॅटरी चार्ज होते."

"ब्रेक दाबावर?"

"हो."

"मंग आमना डायवर अख्खा धुळाले वीज पुरवता!"

आबा हसले. आम्ही पहिल्यांदाच त्यांना हसताना बघत होतो. मिलिंदचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जमलं! मग आबा उठले, गाडीशी गेले. ठक! एकदाच.

"मेअखेरना सोमवारले तू पुणामा पाहिजे. तिकीट काढेल शे ना?"

"काढलंय, आबा."

*

लग्न रावेरला, त्या सोमवारच्या आदल्या दिवशी. मिलिंदची पुण्याची बस संध्याकाळी जळगावहून होती, म्हणून त्याची बॅग आमच्या पिकअपमध्येच टाकली होती. आबाही सोबत आले. पोरगा वेळेवर बसमध्ये बसतो की नाही, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

भर दुपारी वरात निघाली. स्टिअरिंगवर मिलिंद, शेजारी तुऱ्यासकट नवरदेव, तुरा आभाळात. दीड तास गाडी पावला-पावलाने चालली, हू नाही की चू नाही. मागे डीजेचा टेम्पो तापून बंद पडला, आमची बॉडी गार! पोरं नाचायची सोडून गाडीला हात लावून बघत होती. गफूरभाई दर दोन मिनिटांनी मला म्हणत, "तापली का बघा!" आणि मी बघायच्या आत स्वतःच हात लावत.

शेवटच्या वळणाला घोटाळा झाला. गल्ली चुकली. मांडव मागच्या गल्लीत होता, आणि मागे घ्यायची म्हणजे मिलिंदला काही दिसेना. इंजिन सीटच्या मागे, पाठ उंच, काच नाही. नानांच्या फोटोत गाडीची मागची बाजू नव्हतीच, मग आमच्या मनाने बनवलेल्या पाठीला काच कुठून येणार? डावीकडे गटार, उजवीकडे ओट्यावर बायका, मागे पाण्याने भरलेले मांडवाचे हंडे. दहा जण दहा बाजूंनी ओरडत होते. मिलिंदच्या कपाळावरून घाम गळत होता, पाय ब्रेकवर रोवलेला होता.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत आबा गाडीच्या मागे गेले. ओरडणाऱ्यांना एका हाताने गप्प केलं.

"येऊ दे... येऊ दे... डावी कड दाब... येऊ दे..."

मिलिंदने मान वळवणं सोडून दिलं. नुसत्या आवाजावर गाडी मागे येत राहिली.

ठक!

गाडी जागच्या जागी थांबली. हंडा आणि गाडी यांच्यात चार बोटं जागा होती.

जेवणं उरकली. गाडी वरातीपुरतीच भाड्याने दिलेली, ती परत घेऊन निघायची वेळ झाली. रस्त्याचा पल्ला, म्हणून मिलिंदने मागचं इंजिन सुरू केलं. ते गुरगुरलं आणि ओट्यावरच्या बायका दचकून उठल्या. आबा डाव्या सीटवर येऊन बसले. आयुष्यभर उभ्याने प्रवास केलेला माणूस, त्यांना पाय कुठे ठेवावे ते कळेना. मिलिंद समोर बघत होता. मीही घड्याळात बघत होतो. जळगावला वेळेत पोचायचं तर आत्ताच निघायला हवं होतं.

आबांनी मागे वळून आमच्या पिकअपकडे बघितलं.

"हाई बॅग कोनी शे?"

"माझी, आबा. पुण्याची."

आबा गाडीतून उतरले. पिकअपमधली बॅग काढली, झटकली आणि आणून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"साक्रीले कितला वाजता पोचसूत?"

मिलिंद त्यांच्याकडे बघतच राहिला. साक्री म्हणजे संध्याकाळची बस गेली, आणि सोमवारची हजेरीही!

आबांनी पुढे बघितलं, मागे बघितलं आणि दारावर बोटांनी वाजवलं. ठक, ठक!