ऐंशी टक्क्यांवर नांदेड ते लातूर

ताजी बातमी अशी की आमच्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत काहीही बिघाड नाही. नांदेडच्या सर्व्हिस सेंटरमधल्या शेख मिस्त्रींनी काल लॅपटॉप जोडून, दोनदा तपासून तशी खात्री दिली. मग बिघाड कुठे आहे, असं मी विचारलं. त्यांनी लॅपटॉप मिटला.

"साहेब, गाडी रस्त्यात बसायच्या आधी शंभर टक्के चार्ज कधी केली होती?"

"कधीच नाही," मी जुन्या अभिमानानं म्हणालो.

"तेच तर."

मागच्या सोमवारी आम्ही दोघं लातूरला गेलो, ते माझ्या बायकोच्या नोकरीसाठी. सुनंदा चोवीस वर्षं नांदेडच्या एका विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होती. मुलं एकेक करून लातूरच्या क्लासेसना गेली आणि शेवटी कॉलेजच बंद पडलं. आता तिथल्याच एका क्लासनं तिला डेमो लेक्चरला बोलावलं होतं. वेळ अकराची, विषय विद्युतधारा. एकावन्नाव्या वर्षी आलेली ही संधी तिला घालवायची नव्हती, म्हणून ती बसनं जाऊ म्हणत होती. गाडीचा हट्ट माझा.

सातला निघालो तेव्हा बॅटरी ऐंशी टक्के होती. ऐंशीच्या वर चार्जिंग करायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. मीच तो आमच्या पेपरच्या पुरवणीत लेख लिहून जाहीर केला होता. पान छपाईला सोडायला चाळीस मिनिटं उरली होती, मथळा झकास सुचला होता. गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक तेवढं उघडायचं राहिलं.

रस्त्याबद्दल तक्रार नाही. लोहा, माळाकोळी करत पावणेनऊला अहमदपूर. फक्त ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येतात, तेवढं धरून चाला. अहमदपुरात स्टँडजवळ सुशीला खा. चुरमुऱ्यांचा हा प्रकार पुण्याच्या लोकांना समजावून सांगण्यात वेळ घालवू नये, प्लेट पुढे करावी. दोन प्लेट आणि दोन चहा सत्तर रुपयांत झाले. बॅटरी एक्केचाळीस टक्के.

"इथंच थोडं चार्ज करून घेऊ," सुनंदा म्हणाली.

"एक्केचाळीस पुष्कळ झाले."

"अहो, लातुरात एक्केचाळीसवाल्याला दारात उभं करत नाहीत."

शिरूर ताजबंद मागे पडलं आणि तीस टक्क्यांवरची बॅटरी एकदम सातवर आली. पडद्यावर कासवाचं चित्र उमटलं आणि गाडी पंचवीसच्या वर जाईना. शेजारून एक म्हातारे गृहस्थ मोपेडवर पुढे गेले आणि आमच्याकडे सहानुभूतीनं बघत राहिले.

जवळचा फास्ट चार्जर चाकूरकडच्या पंपावर, बारा किलोमीटरवर होता. म्हणून डिकीतला घरगुती चार्जर काढला आणि आधी एका ढाब्यात, मग एका फर्निचरच्या दुकानात प्लग लावला. दोन्हीकडे लाल दिवा. अर्थिंग नीट नसेल तर तो चार्जर वीज घेत नाही.

"सायब, अर्थिंग पायजे तर गायकवाड मामाकडं जा," फर्निचरवाला म्हणाला. "रिटायर लाइनमन हाय. त्येच्याशिवाय हितं कुणाकडं न्हाई."

गायकवाड मामांचं घर पत्र्याचं, नीटनेटकं. प्लग लावला, हिरवा दिवा लागला. मामांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"मीठ, कोळसा घालून खड्डा केलाय. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो," ते म्हणाले. "आमी मूळचे किल्लारीकडले. भूकंपात माळवदाचं, मातीच्या जड छताचं घर बसलं, आई गेली. तवापासून डोक्यावर हलकं अन् जमिनीत पक्कं, एवढंच बगतो."

सुनंदानं क्लासला फोन लावला. मॅनेजर म्हणाले, बारानंतर आलात तर पंधरा मिनिटं देऊ, जास्त नाही. तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पर तीस टक्के व्हते तर गाडी बसली कशी काय, ताई?" मामांनी विचारलं.

शिकवायला मिळालं की तिचा राग उतरतो. "मामा, आत शंभरेक सेल ओळीनं जोडलेले असतात. त्यांच्यावर एक यंत्रणा लक्ष ठेवते, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. बाकीचे भरलेले असले तरी एक जरी सेल रिकामा झाला, तरी ती सगळ्यांचं काम थांबवते. नाहीतर तो सेल कायमचा जाईल."

"म्हंजे ऊसतोडीचा मुकादम की. एकाला चक्कर आली की अख्खी टोळी थांबवतो."

"चांगला मुकादम," सुनंदा म्हणाली.

"तसा म्या पन एकच बगितला," मामा म्हणाले.

तासाभरात पंपापर्यंत जाण्याइतकी वीज मिळाली. मामांनी पैसे घेतले नाहीत, उलट लाइनमन असताना पाहिलेल्या, नवरे कुठे कुठे चुकतात याच्या दोन गोष्टी सुनंदाला सांगितल्या.

लातुरात पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. क्लासच्या बोळात गुणवंतांचे फोटो इतके, की दुकानांच्या पाट्या शोधाव्या लागतात. वर्गाच्या दारावर मार्कांच्या क्रमानं लावलेली मुलांच्या बॅचची यादी, 'ए'पासून 'जी'पर्यंत. मी बाहेरच्या बाकावर बसलो, दार उघडंच होतं.

सुनंदानं तयारीचे कागद बाजूला ठेवले, फळ्यावर सहा सेल काढले आणि उशीर का झाला ते सांगायला घेतलं. कासवापाशी वर्ग हसला. मॅनेजर हसले नाहीत.

"मॅडम," मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मग कमी चार्जवाला सेल काढूनच टाकायचा ना?"

"काढला तर साखळी तुटली. सगळ्यांना पूर्ण भरू द्यायचं. जे आधी भरतात ते थांबतात, आणि मागे राहिलेला तेवढ्या वेळात वर येतो. वेळ लागतो. आमच्या घरात एकानं तो वेळ कधी दिलाच नाही."

वर्ग माझ्याकडे वळून बघू लागला. मी गुणवंतांचे फोटो बघू लागलो.

परतताना पंपावर पूर्ण चार्ज केली. शेवटच्या काही टक्क्यांना लागलेला वेळ मी निमूटपणे बसून काढला. काल मिस्त्रींकडून घरी आल्यावर पुस्तक उघडलं. आमच्या गाडीतल्या प्रकारची बॅटरी आठवड्यातून एकदा शंभर टक्के चार्ज करा, असं ठळक अक्षरांत छापलंय. त्याशिवाय त्या मुकादमाला सेलचा खरा हिशेब लागत नाही. पुरवणीत खुलासा दिला आहे, सहा ओळींचा.

आज दुपारी मॅनेजरांचा फोन आला. सुनंदाला 'जी' बॅच देऊ केली आहे, म्हणजे सगळ्यात कमी मार्कांची.

"घेते," ती म्हणाली, "पण दारावरची यादी काढा."

 यादी तर सगळेच लावतात मॅडम, पण मालक सरांना विचारतो, असं उत्तर आलं.

सरांचा निर्णय गुरुवारी अपेक्षित आहे. यादी राहील असं मॅनेजरांना वाटतं. सुनंदाला तसं वाटत नाही, कारण तिच्या माहितीप्रमाणे त्या बॅचला तीन महिन्यांत दोन शिक्षक सोडून गेलेत आणि शुक्रवारी सकाळी सातला त्या मुलांचा तास आहे. तिनं इस्त्रीला साडी दिली आहे.