काळ्या दगडाखालची जमीन

माधवराव गेल्याचं आम्हाला बारामतीच्या बाजारात कळलं. इंदापूरच्या एका ओळखीच्यानं वांग्यांचा भाव विचारता विचारता सांगितलं, "तुमचा त्यो दगडवाला मास्तर गेला म्हनं पुण्याला. झोपंतच." माझे सासरे, आबा, हातात तागडी धरून तसेच उभे राहिले. "तुला कुनी सांगितलं? त्यानं सोता बघितलं का?" तो माणूस गोंधळला. त्याला वाटलं, म्हातारा भ्रमला. असं खोदून विचारण्याची सवय आबांना कुणामुळं लागली, ते मला ठाऊक होतं...

माधवराव पुण्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. ते आमच्या गावी, कन्हेरीला, पहिल्यांदा आले तेव्हा आमच्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं. हातात हातोडी, खांद्याला जड पिशवी. गावानं ठरवून टाकलं, हा सरकारचा माणूस, खाली काही सापडलं की जमीन गेली. त्यात सुरुंगानं उडवलेल्या दगडांच्या डबरात त्यांना काळ्या दगडात रुतलेला गुलाबी-पांढरा तुकडा दिसला आणि, असला दगड या भागात सापडत नाही म्हणून, ते फौजदारासारखी उलटतपासणी करू लागले. हा इथं कुणी आणला? जवळपास देवळाचं काम निघालंय का? गाड्या कुठून येतात? आबांनी त्यांची पिशवीच काढून घेतली. "आदी तुमी सांगा, तुमाला कुनी धाडलं?"

माधवराव चिडले नाहीत. म्हणाले, "तुमचा माझ्यावर संशय, माझा तुमच्यावर. मला खाली सोडा. असला दगड विहिरीच्या अंगातच असला, तर दोघांचाही मिटेल." आबांनी दोर दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. बराच वेळ खालून नुसते हातोडीचे ठोके येत होते. मग हाक आली, "आबा, इथंही गुलाबी तुकडा, आणि चहूबाजूंनी काळा दगड आहे! हा आतलाच!"

ओट्यावर बसून त्यांनी समजावलं. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि पृथ्वीच्या हिशेबानं तो अलीकडचा. त्याच्याखाली फार जुनी जमीन आहे. पृथ्वीच्या पोटातला हलका भाग वितळून वर आला, थिजला, दबला, पुन्हा वितळला; असं युगानुयुगं होत होत ती जमीन घडली. तिच्यावर डोंगर उभे राहिले, झिजूनही गेले. पुढं कधीतरी लाव्हा तिला फोडून वर आला, तेव्हा तिचा एक तुकडा सोबत घेऊन आला.

"म्हंजी आमच्या जमिनीखाली आनखी एक जमीन हाय?"

"आहे."

आबांनी डोळे बारीक केले. "मग तिच्या सातबाऱ्यावर कुनाचं नाव हाय?"

माधवराव हसता हसता खोकू लागले. पिशवी मात्र आबांनी दुसऱ्या दिवशीच परत दिली.

पुण्यात त्यांच्या वरिष्ठांनी तो दगड उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, हा कन्हेरीचा नव्हेच, कुठून तरी लांबून आणलाय. सरळ सरळ लबाडीचा आरोप होता. तोवर विहिरीला कालव्याचा पाझर लागला होता. उन्हाळ्यातही पाणी उतरेना, मग दाखवणार काय? हे कळल्यावर आबा आपण होऊन एस.टी.नं पुण्याला निघाले. सोबत मी. "दोर माज्या हातात व्हता," त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी शांतपणे विचारलं, "पण दगड विहिरीच्या अंगात तुम्ही डोळ्यांनी पाहिलात?" माधवराव खाली बघत होते. एका शब्दाचं काम होतं...

"न्हाय. मी वर व्हतो."

बाहेर आल्यावर मला आबांचा राग आला होता. माधवराव मात्र त्यांचा हात धरून म्हणाले, "तुम्ही 'हो' म्हणाला असतात ना आबा, तर मीसुद्धा तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवला नसता."

त्यानंतर दर सुट्टीत ते येत. इंदापूरपासून पणदऱ्यापर्यंत जिथं नवी विहीर निघेल तिथं उतरत. तसा दगड पुन्हा मिळाला नाही. शेवटी शेवटी त्यांना स्वतःचीच शंका येऊ लागली होती, की आपण खाली नक्की काय पाहिलं?

सध्या पणदऱ्यात एक विहीर खोदताहेत. आबांचे गुडघे धड नाहीत, तरी बैलगाडीत बसून जातात. डबराशेजारी बसून एकेक दगड उचलतात, माधवराव करायचे तसा जिभेनं ओला करतात, उन्हात फिरवून बघतात. खोदणारे हसतात. "गावलं का काय, आबा?"

"आजून न्हाय," आबा म्हणतात, आणि बघून झालेला दगड वेगळ्या ढिगात टाकतात.