ट्रान्झिस्टरवाली मुलगी आणि सासूबाईंचं कुंकू

दुपारची जेवणं उरकली की वाचकांच्या अनुभवांचं हे पान उघडायचं आणि लोकांच्या भुताखेतांवर पोटभर हसायचं, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. चिंचेखालची बाई, आपोआप हलणारा झोपाळा... वाचायचं आणि ह्यांना म्हणायचं, "बघा, लोकांना किती वेळ असतो!" असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, खरं तर अजूनही नाही. तरी आज लिहायला बसलेय. भीती वाटते म्हणून नाही — लाज वाटते म्हणून.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवर, दुसऱ्या मजल्यावर आमचा ब्लॉक. बाहेरची खोली, तिला लागून स्वयंपाकघर, आणि दुसऱ्या बाजूला आतली खोली. त्या आतल्या खोलीला एकच दार, तेही बाहेरच्या खोलीत उघडणारं. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. सासरे आमच्या लग्नाआधीच गेलेले.

आमच्या ह्यांना एक नाद होता. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात; हे जुन्या जपानी ट्रान्झिस्टरच्या जाहिराती जमवायचे. ट्रान्झिस्टर नव्हे हं, नुसत्या जाहिराती! कंपनीत एकदा जपानहून मशीन आलं, त्याच्या खोक्यात जुन्या मासिकांची पानं कोंबलेली. ती ह्यांनी घरी आणून माझ्या इस्त्रीने सरळ केली, आणि तिथून सुरुवात झाली. कोपरीला राहणारा ह्यांचा एक मित्र बोटीवर होता, तो मग दर खेपेला काही ना काही आणून द्यायचा. कुठल्या कागदावर कुठे घडी आहे, कुठे डाग आहे, हे ह्यांना डोळे मिटून सांगता यायचं. घरातला आमचा स्वतःचा ट्रान्झिस्टर मात्र बंद पडून माळ्यावर गेलेला. तो दुरुस्त करायला ह्यांना सवड नव्हती.

जाहिरातींत बहुतेक तरुण मुलीच. कोणी समुद्रावर, कोणी डोंगरावर, बिनबाह्यांचे फ्रॉक, हातात तळहाताएवढा रेडिओ. आतल्या खोलीची एक भिंत त्यांनी भरलेली. पाहुणे येणार म्हटलं की मी त्या भिंतीवर चादर सोडायचे.

ह्यांचा सर्वांत लाडका तुकडा म्हणजे दुकानाच्या काउंटरवर उभं करायचं पुठ्ठ्याचं चित्र. पांढऱ्या फ्रॉकमधली हसरी मुलगी, गळ्यात चामडी केसमधला ट्रान्झिस्टर, एका कानात इअरफोन आणि उजवा हात आपल्याकडे पुढे केलेला. ती टेबलावर उभी असायची. सासूबाईंना ती फार आवडायची. रोज पदराने तिचं तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, "हिचा कान दुखत असेल गं, दिवसभर ते खुपसून असते."

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी हळदीकुंकू. आमच्याकडे असलं की पहिली बाई यायच्या आत सासूबाई आपणहून आतल्या खोलीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. त्यांना तसं कोणी सांगत नसे. राहा बाहेर, असंही कोणी म्हणत नसे.

त्या वर्षीही त्या तशाच गेल्या. खोली बायकांनी भरली. शेजारच्या म्हात्रेकाकू आतल्या दारालाच पाठ टेकून बसल्या होत्या, त्यांना उठायला सांगितल्याशिवाय मांजरही आत जाऊ शकलं नसतं. हळदीकुंकवाचा करंडा पूर्ण वेळ माझ्या हातात. कुंकू लावून झालं, तिळगूळ दिला, वाण म्हणून प्लॅस्टिकच्या साबणदाण्या दिल्या. निघताना म्हात्रेकाकू त्यांच्या आगरी बोलीत म्हणाल्या, "आयेच्या पाया परतंय," आणि सासूबाईंच्या पाया पडायला त्यांनी दार उघडलं.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. आणि त्यांच्या कपाळावर कुंकू होतं.

"अगो बाय... आयेच्या कपालाव कुकू कोनी लावलाय?" म्हात्रेकाकू म्हणाल्या. त्या वाईट हेतूने बोलल्या नाहीत, पण मागून सगळ्याजणी डोकावल्या.

एक सांगायला हवं. सासूबाईंचे हात थरथरायचे, कपातला चहा बशीत सांडायचा. आणि ते कुंकू बंद्या रुपयासारखं गोल, बरोब्बर मधोमध. त्या खोलीत ना आरसा, ना देव, ना कुंकू.

"ही आली होती," टेबलावरच्या मुलीकडे बोट करून सासूबाई म्हणाल्या. अगदी सहज, शेजारीण येऊन गेल्यासारखं. "काहीतरी बोलली गं, मला समजलं नाही. मग लावलंन."

मागे कोणीतरी पुटपुटलं, "या वयात हौस बाई!" आणि कोणीतरी खुसकन हसलं.

माझे कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या पदर घेऊन कपाळ पुसायला लागल्या. ते जाईना, पसरतच गेलं. सगळं कपाळ लाल झालं तरी त्या पुसतच होत्या.

संध्याकाळी हे घरी आले. मी सगळं सांगितलं. ते तडक टेबलापाशी गेले, चित्र उजेडात धरलं आणि ओरडले, "याला हात कोणी लावला?" मुलीच्या पुढे केलेल्या हाताच्या अनामिकेच्या टोकाला लाल डाग होता. "हा डाग नव्हता. मी शपथेवर सांगतो, नव्हता!" त्यांनी कापूस, खोडरबर, सगळं करून पाहिलं. डाग काही निघाला नाही. आईच्या कपाळाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही.

पुढच्या वर्षी हळदीकुंकवाच्या दिवशी सासूबाईंनी लग्नकार्यात नेसायचं लुगडं काढलं. डोक्याला तेल लावून घेतलं. मी भिंतीवर चादर सोडली होती ती त्यांनी बाजूला केली, चित्राच्या समोर बसल्या आणि दार ओढून घेतलं. मला कळलं. बाहेर सगळ्यांना कुंकू लावताना माझं लक्ष त्या दाराकडेच होतं.

बायका गेल्यावर आत गेले. कपाळ कोरं होतं.

"नाही आली गं," त्या म्हणाल्या.

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. करंडा हातातच होता. मी बोट कुंकवात बुडवलं आणि पुढे केलं. "आई, मी लावते."

त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. "तू नको, शैला. तुला या चौघीजणींत राहायचंय. तिला कोण काय बोलणार आहे? ती कुठची कुठची."

सासूबाई जाऊनही आता वर्षं झाली. ते चित्र अजून आमच्याकडे आहे, डागासकट. दार बंद, वाटेत म्हात्रेकाकू, करंडा माझ्याजवळ — मग ते कुंकू कोणी लावलं? सगळे तर्क लढवून झाले, उत्तर नाही. तुमच्यापैकी कोणी सांगितलं तर ऐकेन, हसणार नाही.

पण सासूबाईंनी माझा हात बाजूला केला ना, तेव्हा मी "नाही आई, लावतेच" असं म्हटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि ते त्यांना दिसलं.