दोनदा शिवलेला फॉर्म

शाळेनं वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधायला पाठवली, त्यांत ती कादंबरी निघाली. बाइंडरनं ती लगेच ओळखली. पहिल्या पानावर पेन्सिलीनं काढलेली होडी त्याचीच होती. जन्मभर पुस्तकं शिवत आलेला हा पन्नाशीचा गृहस्थ, पण कादंबरी म्हटली की नाक मुरडायचा. त्याला कारण होतं.

नववीत बाईंनी याच कादंबरीबद्दल विचारलं होतं, "नावाड्याची आणि त्याच्या आईची दिलजमाई कशी झाली?" यानं छातीठोकपणे सांगितलं, "होतच नाही, बाई. तो भांडून जातो आणि पुढच्या प्रकरणात घरी जेवत बसलेला असतो." वर्ग खो-खो हसला. "न वाचताच ठोकून देतोस?" म्हणत बाईंनी त्याला तासभर उभं केलं. घरी वडिलांनी जखमेवर मीठ चोळलं, "बाइंडरचा मुलगा, आणि पुस्तक वाचत नाही!" खोटारडा ठरल्याचं ते शल्य अजून गेलं नव्हतं.

आता उसवण्याआधी जरा चाळू म्हणून बसला, तो चहाचं पाणी झालं तरी उठेना. तेव्हा त्यानं नावाड्याची बाजू घेतली होती. आता नावाड्याची आईच जास्त पटत होती. दोन मुलांच्या बापाचं असं होतंच. पान एकशे साठ उलटलं, आणि समोर पुन्हा एकशे पंचेचाळीस! लहानपणी ही पानं त्यानं नुसती पुढे ढकलली होती. छापील कागदाच्या घड्या घालून सोळा पानांचा जो फॉर्म होतो, तसा एक इथे दोनदा शिवला होता, आणि पुढचा गायब.

"कोणत्या गाढवानं शिवलंय हे!" तो ओरडला. मग शिलाईच्या गाठीकडे नजर गेली. तशी दुहेरी गाठ एकच माणूस मारायचा, आणि तो खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होता.

वडिलांनी पुस्तक घेऊन पानं मोजली. "गाढव मीच," ते म्हणाले. "म्हणजे तू वाचलं होतंस?"

"दोनदा, बाबा."

म्हाताऱ्यानं गठ्ठ्यातली त्याच कादंबरीची दुसरी प्रत उसवली. हरवलेला फॉर्म तिच्यात जादा होता. "शिवायच्या आधी वाच. मोठ्यानं."

लेकानं सोळाही पानं वाचली. दिलजमाई झाली होती, आणि झकास झाली होती. त्याला फार बरं वाटलं. मान वर करून पाहतो तर वडील चपला शोधत होते.

"बाबा, कुठे निघालात?"

"बाईंचं घर ठाऊक आहे ना तुला? चल. पोरगं खरं बोलत होतं, हे सांगायला नको त्यांना?"