पॅनेलवरचा फुगा

डहाणू रोडला स्टेशनजवळ माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. मशीन मीच घरी प्लायवूडचं बनवलं होतं. बटणांच्या पॅनेलवर विमानांचा मोठा स्टिकर चिकटवला आणि त्यात हवेचे फुगे राहिले. गिऱ्हाईक नसलं की मी टाचणीने एकेक फुगा टोचायचो आणि कंगव्याने हवा दाबून काढायचो.

कासा गावाच्या एसटीवरचे एक कंडक्टर परतीच्या फेरीआधी खेळायला यायचे. तिकिटांची पेटी शेजारच्या स्टुलावर ठेवायचे. खेळताना त्यांची नजर पडद्यावरून हलत नसे. उजवा अंगठा मात्र बटणांखालचा एक फुगा सारखा चाचपत राही. मला वाटे, नुसता चाळा आहे.

एके दुपारी मी नेमका तोच फुगा टोचायला घेतला, तर त्यांनी चक्क माझा हात धरला.

"अहो, तो नका फोडू."

"का? किती घाण दिसतोय!"

त्यांनी पेटी पुढे केली. तिच्या कडेला एक पोचा होता. "गर्दीत पेटीकडे बघतंय कोण? अंगठा या पोच्यावर टेकला की बोटं आपोआप हव्या त्या तिकिटावर जातात. तुमचा फुगा तसाच."

पुढे त्यांची बदली झाली. ते गेल्यावर एकदा मी डोळे मिटून पॅनेलवर हात ठेवला. अंगठा फुग्यावर टेकला आणि तिन्ही बटणं बोटांखाली आली.

नवीन गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "शेठ, इथे एक फुगा राहिलाय."

"राहिला नाही," मी म्हणायचो, "ठेवलाय."